जपानचं देऊळ वाचायचं कसं

जपानला जाणाऱ्याची तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठरलेली तक्रार असते: "सगळी देवळं सारखीच दिसतात." वळणदार छप्पर, दगडी दिवे, खडी अंथरलेलं अंगण, एक दरवाजा, पुढे अजून एक दरवाजा. फोनमध्ये आठशे फोटो जमतात आणि त्यातलं किनकाकुजी कुठलं, गिनकाकुजी कुठलं हे घरी आल्यावर सांगता येत नाही. दोष देवळांचा नसतो. पंढरपूरचं देऊळ, शेजारची मशीद आणि गावातलं जैन मंदिर यांतला फरक कुणी सांगितला नसता, तर आपल्यालाही तिन्ही इमारती "जुन्या आणि सुंदर" एवढ्याच वाटल्या असत्या. जपानमध्ये काय पाहायचं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. जे समोर दिसतंय ते ओळखायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

पहिला फरक सगळ्यात मोठा. जपानमध्ये देवस्थानं दोन प्रकारची आहेत. एक जिन्जा, म्हणजे शिंतो देवस्थान. शिंतो हा तिथला मूळचा धर्म. त्यात डोंगर, धबधबा, जुना वृक्ष, सूर्य, पूर्वज, पराक्रमी माणूस असं कशातही दैवत असू शकतं, आणि त्या दैवताला 'कामी' म्हणतात. दुसरं 'तेरा', म्हणजे बौद्ध मंदिर. बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे आला. नावाच्या शेपटावरून दोन्ही ओळखता येतात. शेवटी जिन्जा, जिंगू, गू किंवा ताइशा असेल तर ते शिंतो: मेइजी जिंगू, फुशिमी इनारी ताइशा, निक्कोचं तोशोगू. शेवटी जी, देरा किंवा इन असेल तर बौद्ध: तोदाइजी, कियोमिझुदेरा, ब्योदोइन. म्हणून 'किनकाकुजी मंदिर' म्हणणं म्हणजे 'कैलास पर्वत डोंगर' म्हणण्यासारखं आहे, पण ते चालतं, कुणी हसत नाही.

नकाशावर तर आपल्याला आयतीच सोय आहे. जपानी नकाशात बौद्ध मंदिराची खूण म्हणजे स्वस्तिक. तिला तिथे 'मांजी' म्हणतात आणि तिचे हात आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेला वळलेले असतात. जिन्जाची खूण म्हणजे छोटी कमान. नकाशा उघडला की भाषा न येताही अर्धं काम झालं.

प्रत्यक्ष जागेवर पाहायचा तो दरवाजा. जिन्जाला तोरी असते: दोन खांब आणि वर दोन आडवे दांडे. तिला भिंत नसते आणि दारही नसतं, कारण ती कुणाला अडवत नाही. इथून पुढे देवाची हद्द, एवढंच ती सांगते. (तोरी आणि आपलं तोरण हे शब्द एकाच मुळातले असावेत असं काही जण म्हणतात, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.) बौद्ध मंदिराचा दरवाजा मात्र छपराचा, बहुधा दुमजली असतो आणि त्याच्या दोन्ही कोनाड्यांत दोन आडदांड द्वारपाल उभे असतात. त्यांना 'निओ' म्हणतात. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. जिन्जाच्या वाटेवरही सिंहासारख्या प्राण्यांची जोडी असते, 'कोमाइनु'. त्यांच्यातही एकाने आ वासलेला, दुसऱ्याने ओठ मिटलेले. उघड्या तोंडाचा 'आ', मिटलेल्या तोंडाचा 'उन'. हे संस्कृतातले 'अ' आणि 'हुं', सगळ्या उच्चारांचा आरंभ आणि शेवट. न बोलता एकमेकांचं मन ओळखणाऱ्या दोघांबद्दल जपानी माणूस आजही म्हणतो, 'यांचा श्वास आ-उनचा आहे.' नारामधल्या तोदाइजीच्या दक्षिण दरवाज्यातले निओ साडेआठ मीटरच्या आसपास उंच आहेत. उनकेई, काइकेई आणि त्यांच्या कारागिरांनी ते १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत उभे केले. बहुतेक प्रवासी बाहेरच्या हरणांना बिस्किटं चारण्याच्या नादात त्यांच्या मधून मान वरही न करता निघून जातात.

आता अपवाद, कारण या नियमांवर विसंबून कुणीतरी फसणारच. १८६८ पर्यंत हे दोन धर्म एकमेकांत पुरते मिसळलेले होते. एकाच आवारात बुद्धही आणि कामीही. मेइजी सरकारने त्या वर्षी हुकूम काढून दोघांची फारकत केली, पण हजार वर्षांचा संसार एका फर्मानाने कुठे मोडतो? ओसाकाच्या शितेन्नोजी या बौद्ध मंदिरासमोर १२९४ सालची दगडी तोरी अजून उभी आहे. तोयोकावा इनारी हे नावावरून जिन्जा वाटतं, तिथे तोरीही आहे आणि इनारी या कामीचे दूत मानलेल्या कोल्ह्यांच्या मूर्तीही, पण ते झेन या बौद्ध पंथाचं मंदिर आहे आणि तिथल्या देवतेचं मूळ आपल्याकडची डाकिनी. तोक्योच्या आसाकुसा भागात सेन्सोजी हे बौद्ध मंदिर आणि त्याच्या उजव्या अंगाला आसाकुसा जिन्जा एकमेकांना खेटून आहेत. सेन्सोजीची कथा सांगते की ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची, मूर्ती आली. मूर्ती मंदिरात गेली आणि ती मिळवणारी माणसं शेजारच्या जिन्जात देव होऊन बसली. दोन्ही प्रकार एका फेरीत पाहायचे असतील तर पहिल्या सकाळी इथेच जावं.

आत गेल्यावर करायचं काय

तोरीपाशी जरासं वाकायचं आणि वाटेच्या कडेने चालायचं. मधली वाट कामीची. आवारात शिरताच पाण्याचं दगडी कुंड लागतं, त्यावर लांब दांड्याच्या पळ्या ठेवलेल्या असतात. इथे बहुतेकांची गडबड होते, म्हणून क्रम नीट लक्षात ठेवावा. एकदाच भरलेल्या पळीत सगळं आटपायचं असतं. उजव्या हाताने पळी भरून डावा हात धुवा. पळी डाव्या हातात घेऊन उजवा धुवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी ओता आणि त्याने चूळ भरा. डावा हात पुन्हा धुवा. शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून दांडा धुतला जाईल. पळीला तोंड लावायचं नाही आणि वापरलेलं पाणी कुंडात परत पडू द्यायचं नाही. आपल्याकडे तांब्या वरून धरून पाणी प्यायची सवय असते, त्यामुळे तोंड न लावण्याचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. कोविडनंतर अनेक ठिकाणच्या पळ्या गेल्या आणि बांबूच्या नळीतून सतत धार सोडलेली असते. तिथे नुसते हात धुतले तरी पुरे.

मग दानपेटी. नाणं टाकायचं, पाच येनचं असेल तर उत्तम. पाच येनला जपानीत 'गोएन' म्हणतात आणि 'ऋणानुबंध' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच आहे. मधोमध भोक असलेलं पिवळं नाणं ते हेच. जिन्जात दोरी हलवून घंटा वाजवा, दोनदा कमरेतून वाका, दोनदा टाळी वाजवा, हात जोडून मनातलं सांगा, पुन्हा एकदा वाका. इझुमो ताइशात टाळ्या चार. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायचीच नाही, नुसते हात जोडायचे. बाहेरचा माणूस सर्रास चुकतो तो इथे: आदल्या दिवशी जिन्जात शिकलेल्या टाळ्या दुसऱ्या दिवशी मंदिरात वाजवतो.

मंदिराच्या लाकडी जमिनीवर बूट काढून जावं लागतं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला आजीनेच सांगून ठेवलेलं असतं. डिसेंबर ते मार्चमध्ये त्या फळ्या बर्फासारख्या गार असतात, तेव्हा जाड मोजे घालावेत आणि ते फाटके नसावेत. दिवसातून सहा-सात वेळा बूट काढावे लागतात, म्हणून नाडीचे बूट घालून गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत वैतागतो.

नशीब सांगणारी चिठ्ठी, ओमिकुजी, बहुतेक ठिकाणी मिळते. सेन्सोजीत १०० येन टाकायचे, धातूचा डबा हलवायचा, भोकातून निघालेल्या काडीवरचा आकडा पाहायचा आणि त्या आकड्याचा खण उघडून चिठ्ठी घ्यायची. सेन्सोजीत 'क्यो', म्हणजे वाईट, निघण्याचं प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा जास्त म्हणून प्रसिद्ध आहे. वाईट निघाली तर तिथल्याच तारेला बांधून यायची, घरी न्यायची नाही. लाकडी पाटीवर इच्छा लिहून टांगतात ती 'एमा'. शब्दाचा अर्थ घोड्याचं चित्र. पूर्वी देवाला खरा घोडा वाहत, तो न परवडणाऱ्यांनी पाटीवरचा घोडा वाहायला सुरुवात केली. आपल्याकडच्या नवसाला चांदीचे डोळे वाहण्यातलंच शहाणपण.

आपले देव, तिकडची नावं

मराठी वाचकाला जपानी प्रवाशापेक्षाही जास्त मजा यावी असा हा भाग आहे आणि बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात तो नसतोच. बौद्ध धर्माबरोबर आपले देव चीनमार्गे जपानला पोचले आणि तिथे स्थायिक झाले. नावाच्या शेवटी 'तेन' दिसलं की थांबावं. तेन म्हणजे देव. बेंझाइतेन ही सरस्वती. हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य, आणि ठिकाण हमखास पाण्याजवळ, कारण मुळात ती नदी. तोक्योच्या उएनो बागेतल्या तळ्यातलं मंदिर तिचंच. किश्शोतेन ही लक्ष्मी. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर, पण तिकडे तो चिलखत घातलेला योद्धा. एम्मा हा यम. सगळ्यात गंमत दाइकोकुतेनची. नावाचा अर्थ शब्दशः महाकाल, पण मूर्ती मात्र तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला, हातात हातोडी घेतलेला, पोट सुटलेला हसरा शेठजी.

हे सगळे एकत्र पाहायचे असतील तर क्योतोचं सांजूसांगेनदो गाठावं. नावाचा अर्थ 'तेहतीस खणांचं सभागृह'. खण हा शब्द इथे अगदी आपल्या वाड्यातल्यासारखा, दोन खांबांमधलं अंतर. कान्नोनची रूपं तेहतीस, म्हणून खण तेहतीस. सध्याची इमारत १२६६ सालची आणि सुमारे १२० मीटर लांब. आत कान्नोनच्या १००१ मूर्ती: मधे एक मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना पाचपाचशे उभ्या. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. मस्तकावर अकरा चेहरे आणि 'सहस्र' हात. हात मोजले तर जोडलेले दोन सोडून चाळीसच भरतात, कारण प्रत्येक हात पंचवीस विश्वांमधल्या जिवांना तारतो असा हिशेब आहे. चाळीस गुणिले पंचवीस. हा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर मुंबईकरांपासून फार लांब नाही, बोरिवलीच्या कान्हेरीत ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो कोरलेला आहे.

या हजार मूर्तींच्या पुढे २८ रक्षकदेवता उभ्या आहेत आणि प्रत्येकीपुढे नावाची पाटी आहे. नावं मोठ्याने वाचा, ओळख पटते: नाराएन म्हणजे नारायण, कारुरा म्हणजे गरुड (बासरी वाजवणारा, चोच असलेला), आशुरा म्हणजे असुर, किन्नारा म्हणजे किन्नर, मागोराका म्हणजे महोरग, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, दाइबोनतेन म्हणजे ब्रह्मदेव. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे, आणि त्यामुळेच लोक तिथे खरंच बघतात. किमान एक तास ठेवावा.

क्योतो स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर तोजी आहे. त्याचा सुमारे ५५ मीटर उंचीचा पाच मजली पॅगोडा जपानमधला सगळ्यात उंच लाकडी पॅगोडा. सगळे त्याचा फोटो काढतात आणि परततात. खरं धन शेजारच्या व्याख्यान-सभागृहात आहे. तिथे २१ मूर्तींचं मंडल मांडलेलं आहे, त्यातल्या १५ नवव्या शतकातल्या. चार हंसांवर बसलेला चतुर्मुख ब्रह्मदेव आणि हत्तीवर बसलेला इंद्र तिथे भेटतात. दर महिन्याच्या २१ तारखेला या आवारात मोठा जुना बाजार भरतो. बाजार हवा असेल तर त्या दिवशी जा, शांतता हवी असेल तर ती तारीख टाळा.

आणि गणपती? आहे. कांगितेन किंवा शोतेन या नावाने. पण त्याची मूर्ती दाखवत नाहीत. दोन गजमुखी आकृती एकमेकींना आलिंगन दिलेल्या, असं त्याचं गूढ रूप कायम बंद देव्हाऱ्यात असतं. तोक्योत सेन्सोजीपासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की मात्सुचियामा शोदेन लागतं. तिथे नैवेद्याला मुळे ठेवतात, आणि दगडावर, कंदिलांवर सगळीकडे जोडमुळ्याची आणि पैशाच्या थैलीची नक्षी. मूर्ती शोधत फिरू नका, मुळे बघा. क्योतोत गिओनजवळ कामेया कियोनागा या जुन्या मिठाईवाल्यांकडे या देवाच्या नैवेद्याचा पदार्थ विकत मिळतो: वर चुण्या आवळलेली पुरचुंडी, आत सुगंधी द्रव्यं मिसळलेलं गोड पुरण, तिळाच्या तेलात तळलेली. नाव काहीही असो, समोर येतो तो तळणीचा मोदकच. कवच चांगलंच कडक असतं. जरा गरम करून खावं.

होमसुद्धा आहे. त्याला 'गोमा' म्हणतात, शब्द तोच. पाहायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे नारिता विमानतळाजवळचं नारितासान शिन्शोजी. ९४० साली स्थापन झालेल्या या मंदिरात फुदो म्योओ, म्हणजे अचलनाथ, यांच्यासमोर दिवसातून अनेकदा गोमा होतो. वेळा मंदिराच्या फलकावर असतात. मोठमोठे ढोल, मंत्र आणि ज्वाळा. शेवटी भाविक रांगेने आपल्या पिशव्या अग्नीवरून फिरवून घेतात. बसायला पैसे पडत नाहीत, गोमा चालू असताना फोटो नाही. विमानतळावरून रेल्वेने नारिता स्टेशन दहा मिनिटं आणि तिथून जुन्या बाजाराच्या रस्त्याने चालत पंधरा मिनिटं. पुढच्या विमानाला सहा-सात तास असतील तर सहज जमतं. फक्त भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो. नुसतं विमान बदलणाऱ्यांचा हा बेत तिथेच फसतो.

अक्षरांचंही तसंच. कब्रस्तानातल्या उंच लाकडी फळ्यांवर आणि दगडांवर सिद्धं लिपीतली संस्कृत बीजाक्षरं लिहिलेली असतात. सिद्धं आणि नागरी या दोन्ही गुप्त लिपीच्या लेकी, त्यामुळे काही वळणं ओळखीची वाटतात. जपानी मुलं मुळाक्षरं म्हणतात ती अशी: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही मांडणी भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आली. 'सा'चा जुना उच्चार च-वर्गाजवळचा होता आणि 'हा'चा 'पा' होता हे कळलं की आपली बाराखडी जवळजवळ तशीच्या तशी जुळते.

जुनं म्हणजे किती जुनं

किनकाकुजीचा सोनेरी मंडप १३९७ पासूनच्या इतिहासाचा, पण समोर तळ्यात दिसतो तो १९५५ साली पुन्हा बांधलेला. आधीचा १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळला. सोन्याचा आजचा मुलामा १९८७ चा. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. मात्र तिथे वस्तू जुनी असण्यापेक्षा आकार, लाकूड आणि करण्याची रीत अखंड चालू राहणं याला वजन आहे. इसेच्या मोठ्या शिंतो देवस्थानात तर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत सगळं तसंच्या तसं नवं बांधतात आणि देवतेला तिकडे हलवतात. पहिला सोहळा ६९० साली झाला, ६२ वा २०१३ मध्ये, पुढचा २०३३ मध्ये. वीस वर्षांचं अंतर असं आहे की बाप-सुतार जिवंत असतानाच मुलगा-सुतार काम शिकून तयार होतो. आपला जीर्णोद्धार पडझड झाल्यावर होतो, यांचा पंचांगाप्रमाणे.

पण इसेला जाताना अपेक्षा नीट ठेवा. मुख्य वास्तू चार कुंपणांच्या आत आहे, बाहेरून छपराचं टोक तेवढं दिसतं, आणि शेवटच्या पायऱ्यांपासून पुढे फोटो नाही. प्रचंड वृक्षांमधून चालणं हेच तिथलं दर्शन. अर्धा दिवस खर्चून 'काहीच दिसलं नाही' म्हणणारे खूप असतात.

खरोखरच प्राचीन लाकूड पाहायचं असेल तर नाराजवळचं होर्यूजी. जगातल्या सगळ्यात जुन्या शिल्लक लाकडी इमारती इथल्या. पॅगोड्याच्या मधल्या खांबाचं झाड ५९४ साली तोडलेलं होतं, असं त्याच्या वाढीच्या कड्या मोजून काढलेलं आहे. मुख्य सभागृहातली भित्तिचित्रं अजिंठ्याच्या शैलीशी नातं सांगणारी होती. २६ जानेवारी १९४९ च्या आगीत ती करपली. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानचा सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा आला, आणि आजही २६ जानेवारीला देशभरातल्या देवस्थानांत आग विझवण्याच्या कवायती होतात.

तोदाइजीचा महाबुद्ध (सुमारे १५ मीटर) हा आपल्याशी जोडलेला आणखी एक दुवा. ७५२ साली त्याचे डोळे रेखून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूने. आजचं सभागृह १७०९ चं आणि मूळच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश. तरीही आत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो. हरणांबद्दल एवढंच: बिस्किट दाखवून तंगवलं की ती चावतात आणि कपडे ओढतात. लगेच देऊन टाका आणि दोन्ही रिकामे तळवे दाखवा, ती समजून जातात.

वेळ, पैसे, सामान, पोट

बहुतेक मंदिरं चार ते पाचच्या दरम्यान बंद होतात आणि प्रवेश त्याआधी अर्धा तास थांबतो. दुपारी जेवून निवांत तीनला निघणाऱ्याचं एकच ठिकाण होतं. उलट सकाळ मोकळी असते. कियोमिझुदेरा सहाला उघडतं आणि फुशिमी इनारी चोवीस तास खुलं असतं, तेही फुकट. इनारीला क्योतो स्टेशनहून नारा मार्गाची गाडी, दुसरं स्थानक, पाच मिनिटं. पण जलद गाडी तिथे थांबत नाही, लोकलच घ्यायची. जलद गाडीत बसून पुढे निघून जाणारे रोजचे. या डोंगरावर सुमारे दहा हजार तोरी आहेत, व्यापाऱ्यांनी वाहिलेल्या. चढताना खांब कोरे दिसतात, उतरताना मागे कोरलेली दात्यांची नावं आणि तारखा दिसतात. डोंगर २३३ मीटर, पूर्ण फेरी सुमारे चार किलोमीटर, दोन ते तीन तास. फोटोसाठीची गर्दी पहिल्या वीस मिनिटांच्या चढापर्यंतच. त्यापुढे वाट तुमची.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची समुद्रातली तोरी पाहायची तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. पाण्याची पातळी २५० सेंटिमीटरच्या वर असेल तर ती तरंगल्यासारखी दिसते, १०० च्या खाली गेली की चालत तिच्या पायथ्याशी जाता येतं. १८७५ ची ही सोळा-सतरा मीटरची तोरी जमिनीत पुरलेली नाही, स्वतःच्या वजनावर उभी आहे. एकाच दिवशी दोन्ही रूपं हवी असतील तर बेटावर सहा-सात तास काढायला हवेत.

प्रवेशशुल्क साधारण ५०० ते १,००० येन आणि बऱ्याच ठिकाणी रोखच. शिक्क्यांची वही, गोशुइनचो, हौस असेल तर पहिल्याच ठिकाणी घ्यावी. भिक्षू किंवा पुजारी त्यात शाईने ठिकाणाचं नाव आणि तारीख लिहून लाल शिक्के मारतात, एका पानाचे ३०० ते ५०० येन, सुटे द्यावेत. आधी दर्शन, मग वही. साध्या वहीत किंवा पासपोर्टवर मागू नये, नकार मिळतो. हे काउंटर देवळाआधी बंद होतात.

क्योतोच्या शहरबसमध्ये मोठ्या बॅगा घेऊन चढणं हा सगळ्यांनाच ताप असतो. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा, किंवा हॉटेलमधूनच कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवा. ते बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतं. तोक्यो-क्योतो-ओसाका शिंकानसेनमध्ये लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर असलेल्या बॅगेसाठी ठरावीक आसनं आधी आरक्षित करावी लागतात, नाही तर १,००० येन जादा. आपल्या घरातली सगळ्यात मोठी ट्रॉली बॅग बहुधा या मापात बसत नाही, निघण्यापूर्वी टेप लावून बघा.

शाकाहाऱ्यांची फसगत होते ती दिसणाऱ्या मांसामुळे नव्हे, दाशीमुळे. दाशी म्हणजे तिथलं मूळ सार, बहुतेकदा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाचं. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, शिजवलेली भाजी, इतकंच काय इनारी-सुशीची टोफूची पिशवीसुद्धा त्यात मुरवलेली असू शकते. "मांस नको" म्हटल्यावर वाढणाऱ्याच्या मनात मासा येतच नाही. "कात्सुओदाशी नको, कोंबू चालेल" असं जपानीत लिहिलेलं कार्ड दाखवावं. कोंबू ही समुद्री वनस्पती. खात्रीचं जेवण म्हणजे देवळातलं शोजिन र्योरी. त्यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाहीत. कंदमुळं मात्र असतात, हे जैन मंडळींनी लक्षात ठेवावं. क्योतोच्या आराशियामात तेन्र्यूजीच्या आवारात ते मिळतं, आगाऊ सांगून जावं.

आणि पूर्ण रात्र तसं राहायचं असेल तर कोयासान. सुमारे ८०० मीटर उंचीवरचं हे मंदिरांचं गाव, कुकाई या भिक्षूने ८१६ पासून वसवलेलं. संस्कृत शिकलेला, सिद्धं लिपीचा अभ्यास जपानमध्ये रुजवणारा तो हाच. ओसाकाच्या नाम्बाहून रेल्वे, शेवटी पाच मिनिटांची केबल कार, मग बस. केबल स्टेशनवरून गावापर्यंतचा पहिला रस्ता पायी जाणाऱ्यांना बंद आहे, बस घ्यावीच लागते. पन्नासेक मंदिरांत मुक्कामाची सोय आहे. जेवण साडेपाच-सहाला होतं, उशिरा पोचलं तर ते मिळत नाही. इथल्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला आहे. महाराष्ट्रातून येणारे बरेच जण आवर्जून तिथे जातात.

गावाच्या टोकाला ओकुनोइन, दोन लाखांहून जास्त समाध्यांमधून जाणारी दोन किलोमीटरची वाट. शेवटच्या पुलापुढे टोपी काढायची, फोटो आणि खाणंपिणं बंद. कुकाई मेलेला नाही, ध्यानात बसला आहे, अशी तिथली श्रद्धा आहे. म्हणून रोज सकाळी सहा आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्याचं जेवण घेऊन पूल ओलांडतात. साडेदहाचं सोयीचं पडतं, दहा मिनिटं आधी वाटेच्या कडेला उभं राहावं.